सर टॉमस मोर
(इ. स. १४७८–१५३५)

न्यायासनावर बसून निःपक्षपातीपणानें निवाडा करणें कठीण. परंतु आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें राहून, समोरचे न्यायाधीश आपले नव्हेत हें जाणूनहि कायद्याविषयींचा आदर न सोडणें हें त्याहून कठीण. या दोन्ही कसोट्या ज्यांच्या वांट्यास आल्या असे पुरुष इतिहासांत थोडे. इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर सर टॉमस मोर हे त्यांपैकीं एक होत. त्यांच्या चरित्रांत जसा प्रकाश आहे तशी एक काळी छायाहि आहे. आणि न्याय म्हणजे काय हें समजून घेण्यास दोहोंचाहि उपयोग आहे.

मोर यांचा जन्म १४७८ सालीं लंडन शहरीं झाला. त्यांचे वडील जॉन मोर हे कायदेपंडित असून पुढें न्यायाधीश झाले. लहानपणीं टॉमसला कँटरबरीचे आर्चबिशप मॉर्टन यांच्या वाड्यांत सेवेस ठेविलें होतें. तेथून तो ऑक्सफर्डच्या विद्यापीठांत गेला, व वडिलांच्या इच्छेस मान देऊन १४९६ सालीं लंडनमधील लिंकन्स इन या संस्थेंत कायद्याचा अभ्यास करूं लागला. कांहीं काळ त्याच्या मनानें संन्यस्त जीवनाचा ध्यास घेतला होता. अखेरीस त्यानें संसार पत्करिला, परंतु प्रार्थना व साधेपणा हीं जन्मभर सोडलीं नाहींत.

१५१० सालीं मोर लंडन नगरीचे उपशेरीफ झाले. नागरिकांचे दावे ऐकून निकाल देणें हें त्यांचें काम. १५१७ सालीं मे महिन्याच्या आरंभीं शहरांतील उमेदवार कारागीर परदेशीय लोकांवर चवताळून उठले, तेव्हां मोर यांनीं भर रस्त्यांत उभें राहून जमावाची समजूत घालण्याचा प्रयत्न केला. त्या रात्रीं दंगा थांबला नाहीं. पण हा प्रसंग पुढें रंगभूमीसाठीं लिहिला गेला. १६०० च्या सुमाराच्या एका नाटकांत मोर दंगेखोरांना अशी कल्पना करावयास लावतात कीं, आपणच देशोधडीस लागून परमुलखांत आसरा मागत फिरत आहों. या प्रवेशाचीं पानें खुद्द शेक्सपिअरच्या हस्ताक्षरांतील आहेत असें बहुतेक विद्वान मानतात.

१५१६ सालीं मोर यांचा यूटोपिया हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या काळीं इंग्लंडांत चोरीस फांशीची शिक्षा असे. लोंकरीच्या व्यापारांत नफा फार, म्हणून जमीनदार शेतांना कुंपणें घालून तेथें मेंढ्या चारीत व कुळांना हांकून देत. अन्नास मोताद झालेला मनुष्य चोरी करी, आणि कायदा त्याला लटकावी. आधीं चोर निर्माण करावयाचे व मग त्यांना शासन करावयाचें, हा न्याय कसला, असा रोकडा प्रश्न या ग्रंथांत केला आहे. चोरीला व खुनाला एकच शिक्षा असेल तर साक्षीदार उरूं नये म्हणून चोर खूनहि करील, हें त्यांतील दुसरें मर्म. ग्रंथांत वर्णिलेल्या काल्पनिक बेटावर कायदे थोडे व सर्वांस समजतील असे आहेत, आणि धर्माच्या बाबतींत कोणावर जबरदस्ती नाहीं.

मोर यांचें घर हीच एक शाळा होती. तीन मुली व एक मुलगा यांना त्यांनीं सारखेंच लॅटिन व ग्रीक शिकविलें. थोरली कन्या मार्गारेट हिनें, त्यांचे मित्र इरॅस्मस यांच्या, प्रभूच्या प्रार्थनेवरील ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर केलें. आपल्या कन्यांच्या शिक्षणाविषयीं साशंक असणाऱ्या पालकांनीं हें उदाहरण ध्यानांत घ्यावें.

१५२९ सालीं आठव्या हेन्री राजानें त्यांना लॉर्ड चॅन्सेलर नेमिलें. एवढा मोठा अधिकारी आपल्या न्यायासनाकडे जातांना, वडील शेजारच्या न्यायसभेंत बसले असल्यास आधीं त्यांच्यापुढें गुडघे टेकून आशीर्वाद घेई. परंतु घरचें प्रेम त्यांनीं निवाड्यांत कधीं शिरूं दिलें नाहीं. त्यांच्या एका जांवयानें सासऱ्यांच्या जोरावर तडजोड नाकारली. मोर यांनीं निकाल सरळ त्याच्याविरुद्ध दिला. एका पक्षकार स्त्रीनें हातमोज्यांत चाळीस पौंड घालून भेट आणली, तेव्हां त्यांनीं तिचा मान राखण्यापुरते मोजे ठेवून पैसे परत केले. एक आख्यायिका अशी सांगतात कीं, एका भिकारणीचा हरवलेला कुत्रा त्यांच्या पत्नीच्या हातीं आला. मोर यांनीं दोघींना दालनाच्या दोन टोकांस उभें करून कुत्र्याला हांक मारावयास सांगितलें. तो भिकारणीकडे धांवला, व तिचाच ठरला.

आतां ती छाया. यूटोपियांत धर्मस्वातंत्र्याचें चित्र रेखाटणाऱ्या मोर यांनींच अधिकारावर असतां नव्या धर्ममताच्या लोकांना निष्ठुरपणें वागविलें. बायबलाचें इंग्रजी भाषांतर करणाऱ्या विल्यम टिंडलविरुद्ध त्यांनीं मोठमोठे ग्रंथ लिहिले, आणि त्यांच्या कारकीर्दींत सहा जण पाखंडी म्हणून जिवंत जाळले गेले. त्या काळचा कायदाच तसा होता हें खरें. परंतु चोराच्या फांसाविषयीं कायद्यास जाब विचारणारी त्यांची बुद्धि येथें गप्प बसली. कायद्याप्रमाणें झालें म्हणजे न्याय झाला असें नव्हे, हें त्यांनींच जगाला शिकविलें होतें.

लवकरच सदसद्विवेकबुद्धीचा प्रश्न त्यांच्याच दारीं आला. राजाला कॅथरिन राणीशीं झालेला विवाह मोडून ॲन बोलीनशीं लग्न करावयाचें होतें, व पोपची सत्ता झुगारून आपणच इंग्लंडच्या ख्रिस्ती मंडळीचें मस्तक व्हावयाचें होतें. मोर यांनीं १५३२ सालीं अधिकारपद सोडून गरिबी पत्करिली. १५३४ सालीं नव्या राणीच्या संततीच्या वारसाहक्काविषयीं जी शपथ सर्वांस घ्यावी लागली, ती त्यांनीं घेतली नाहीं व न घेण्याचें कारणहि सांगितलें नाहीं. त्यांना लंडनच्या टॉवरमध्यें कोंडण्यांत आलें.

१ जुलै १५३५ रोजीं वेस्टमिन्स्टर हॉलमध्यें खटला चालला. न्यायाधीशांत राणीचे वडील, भाऊ व मामा बसले होते. जांवयाविरुद्ध निकाल देणाऱ्या मनुष्याचा न्याय करावयास हे नातलग! मोर यांचें म्हणणें असें कीं, कायदा मनुष्याच्या शब्दांचा व कृतीचा न्याय करूं शकतो, मौनाचा नाहीं. आणि मौनाचा अर्थ लावावयाचाच तर कायद्याच्या जुन्या वचनाप्रमाणें तो संमति असा होतो. तेव्हां सॉलिसिटर जनरल रिचर्ड रिच यानें, मोर आपल्याजवळ तुरुंगांत राजद्रोही बोलले अशी साक्ष दिली. मोर यांनीं ती साफ नाकारली. त्या वेळीं खोलींत असलेल्या दोघांनीं आपण पुस्तकें बांधण्यांत गुंतलों होतों, कांहीं ऐकलें नाहीं, असें सांगितलें. तरीहि ज्यूरीनें पाव तासांत दोषी ठरविलें. नवे चॅन्सेलर घाईनें शिक्षा सांगूं लागले, तेव्हां आरोपीस आधीं बोलूं देण्याचा प्रघात आहे, याची आठवण मोर यांनींच शांतपणें करून दिली. मग मात्र त्यांनीं मौन सोडून आपलें मत उघड सांगितलें.

टॉवरकडे परततांना मार्गारेट शिपायांच्या गर्दींतून धांवत आली व बापाच्या गळ्यांत पडली. ६ जुलै रोजीं त्यांचा शिरच्छेद झाला. साक्ष देणारा रिच १५४७ सालीं स्वतः लॉर्ड चॅन्सेलर झाला. पण त्याचें नांव आज निघतें तें त्या साक्षीमुळेंच. १९३५ सालीं रोमन कॅथलिक मंडळीनें मोर यांची संतांत गणना केली.

विद्यार्थी मित्रहो, सत्तेपुढें ज्या मनःस्वातंत्र्याचा आधार मोर यांना घ्यावा लागला, तेंच त्यांनीं सत्तेवर असतां दुसऱ्यांस दिलें नव्हतें. आपल्यावर वेळ आल्यास जो न्याय आपण मागूं, तोच आपल्या विरुद्ध मताच्या मनुष्यास आज द्यावा. वर्गांत, खेळांत व घरांत ही संवय लावून घेतली, तर पुढें न्यायासनावर बसण्याचा प्रसंग येवो वा न येवो, आपल्या हातून अन्याय होण्याचा संभव कमी होईल.