लुई पाश्चर : द्राक्षारसाचे आयुष्य वाढविणारा शास्त्रज्ञ

तळघरातील अंधारात वर्षानुवर्षे आडवी ठेवलेली तांबड्या द्राक्षारसाची बाटली उघडणे हा फ्रान्समध्ये एक घरगुती सोहळाच असतो. बूच अलगद निघते, तळाशी बसलेला गाळ हलू नये म्हणून रस अगदी सावकाश ओतला जातो, आणि कोवळेपणीचा तुरटपणा जाऊन त्याला आलेला मऊपणा जिभेवर उतरतो. इतकी वर्षे राखून ठेवलेला रस आंबट निघाला तर मात्र सारी प्रतीक्षा फुकट जाते. हा रस का मुरतो आणि का नासतो, याचे शास्त्रीय उत्तर शोधणाऱ्या लुई पाश्चर यांच्या जीवनाचा आपण येथे परिचय करून घेऊ या.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधील डोल या गावी एका कॅथलिक कुटुंबात झाला. वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करीत. लुईंचे बालपण द्राक्षमळ्यांनी वेढलेल्या आर्ब्वा गावात गेले. पुढे ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८४९ साली मारी लोराँ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीच्या संशोधनात त्या अखेरपर्यंत सहकारिणी राहिल्या.

त्या काळी फ्रान्सचा पुष्कळसा द्राक्षारस साठवणीत आणि प्रवासात खराब होई, त्यामुळे व्यापाऱ्यांची मोठी हानी होत असे. १८६३ साली सम्राट तिसरा नेपोलियन याने पाश्चर यांना याचे कारण शोधण्यास सांगितले. ते आर्ब्वाला परतले आणि एका जुन्या कॉफीगृहाच्या जागेत त्यांनी प्रयोगशाळा थाटली. कधी कधी एखादा वाटसरू आत येऊन पेय मागत असे! सूक्ष्मदर्शकातून पाहता त्यांना आढळले की, आंबट, कडू वा चिकट झालेल्या रसात निरनिराळे सूक्ष्मजीव असतात. रस हवेशिवाय सुमारे ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत थोडा वेळ तापविल्यास ते नष्ट होतात, हे त्यांनी दाखवून दिले. हीच ती पाश्चरीकरणाची पद्धत होय.

मुरण्याचे कोडेही त्यांनी हाताळले. काचेच्या काही नळ्या त्यांनी रसाने काठोकाठ भरून बंद केल्या, तर काहींत थोडी हवा राहू दिली. हवा नसलेला रस जवळजवळ जसाच्या तसा राहिला. हवा असलेल्या नळ्यांत गाळ बसला, रंग फिका झाला आणि रस जुना भासू लागला. यावरून लाकडी पिंपातून अगदी हळूहळू मिळणारा प्राणवायू रसाला परिपक्व करतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

हे संशोधन चालू असताना त्यांच्या घरावर मात्र दुःखाचे डोंगर कोसळत होते. थोरली कन्या जान १८५९ मध्येच विषमज्वराने गेली होती. जून १८६५ मध्ये वडील वारले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोन वर्षांची कामीय आणि मे १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसील यांचे निधन झाले. तीन मुलींना निरोप देणाऱ्या या पित्याचा द्राक्षारसावरील ग्रंथ त्याच १८६६ साली प्रसिद्ध झाला. १८६८ मध्ये पक्षाघाताने त्यांची डावी बाजू लुळी पडली, तरी त्यांनी काम सोडले नाही. १८७४ साली त्यांनी आर्ब्वाजवळ स्वतःचा द्राक्षमळा घेतला. ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेला कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला त्यांनी लस देण्यास प्रारंभ केला आणि तो वाचला.

२८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर यांचे निधन झाले. पॅरिसच्या नोत्र दाम महामंदिरात त्यांचा अंत्यविधी झाला.

आज उंची तांबडा द्राक्षारस सहसा तापविला जात नाही. स्वच्छता आणि योग्य साठवण यांवर भर दिला जातो. परंतु स्वच्छतेचे ते महत्त्व जगाला पटविले पाश्चर यांनीच. आपल्या घरी रोज सकाळी येणाऱ्या दुधाच्या पिशवीवर त्यांचे नाव आजही आहे. चांगला रस मुरायला काळ लागतो, आणि तोवर तो निगुतीने जपणारा कोणीतरी लागतो. दुःखाच्या काळोखातही आपले काम असेच निष्ठेने जपणाऱ्या या थोर पुरुषाचे आपण कृतज्ञतेने स्मरण करू या.