विलायतेतील विद्यार्थी

इ. स. १८८८ च्या सप्टेंबर महिन्याच्या चौथ्या तारखेस मुंबई बंदरातून ‘क्लाइड’ नावाची आगबोट विलायतेस निघाली. तिच्यावरील उतारूंत काठेवाडातील एक सडपातळ व अतिशय लाजाळू तरुण होता. त्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी. पुढे ज्यांस साऱ्या जगाने महात्मा म्हणून ओळखले, ते हेच. त्या दिवशी मात्र बोटीवर त्यांना एका सोबत्यावाचून फारसे कोणी ओळखत नव्हते.

मोहनदासांचे वडील राजकोट संस्थानचे दिवाण होते. परंतु ते तीन वर्षांपूर्वीच वारले होते. पित्याची गादी मुलाने चालवावयाची, तर केवळ मॅट्रिकच्या परीक्षेवर भागण्यासारखे नव्हते. मोहनदासांनी भावनगरच्या सामळदास कॉलेजात काही महिने काढले. पण तेथील व्याख्याने त्यांस उमजेनात. अशा वेळी घरच्या एका वृद्ध स्नेह्याने सुचविले की, मुलास विलायतेस पाठवावे, म्हणजे तीन वर्षांत तो बॅरिस्टर होऊन परत येईल. वडील बंधू लक्ष्मीदास ह्यांनी पैशांची जुळवाजुळव करण्याचे पत्करले. आई पुतळीबाईंचे मन मात्र तयार होईना. अखेर मद्य, मांस व परस्त्री ह्यांस स्पर्श करणार नाही, अशी प्रतिज्ञा मोहनदासांनी घेतली, तेव्हाच आईने निरोप दिला. मुंबईस आल्यावर आणखी एक विघ्न उभे राहिले. समुद्र ओलांडून जाणे धर्मबाह्य आहे असे म्हणून ज्ञातीच्या पंचांनी त्यांस वाळीत टाकले, आणि जो कोणी त्यांस निरोप देण्यास जाईल, त्यास सव्वा रुपया दंड ठरविला. घरी पत्नी कस्तूरबा आणि काही महिन्यांचे मूल होते. एवढे सारे मागे टाकून हा अठरा वर्षांचा तरुण कायदा शिकण्यास निघाला होता.

बोटीवर इंग्रजीत बोलण्याचे त्यांस धाडस होत नसे. काटे-चमचे कसे धरावेत, पानातील कोणता पदार्थ निषिद्ध नाही, हे विचारण्याचाही संकोच वाटे. म्हणून घरून आणलेली मिठाई व फळे ह्यांवर ते आपल्या खोलीतच गुजराण करीत. किनाऱ्यास लागताना, चांगले दिसावे म्हणून, त्यांनी पांढऱ्या फ्लॅनेलचा पोशाख चढविला. बाहेर येऊन पाहतात तो असा पोशाख दुसऱ्या कोणाच्याच अंगावर नाही! इंग्लंडात सप्टेंबरअखेर थंडी पडू लागते आणि लोक काळे, जाड कपडे वापरू लागतात. सामान मागून यावयाचे होते, मध्ये रविवार आला, तेव्हा दोन दिवस त्याच पांढऱ्या वेशात काढणे प्राप्त झाले.

लंडनमध्ये डॉक्टर प्राणजीवन मेहता हे त्यांस भेटावयास आले. बोलता बोलता मोहनदासांनी त्यांची उंच रेशमी टोपी सहज हातात घेतली आणि तिच्या लवेवरून उलटा हात फिरविला. डॉक्टरांनी त्यांस थांबविले आणि त्याच बैठकीत विलायती रीतिरिवाजांचा पहिला धडा दिला. दुसऱ्याच्या वस्तूस हात लावू नये, पहिल्याच भेटीत कोणास खासगी प्रश्न विचारू नयेत, मोठ्याने बोलू नये. कायद्याच्या विद्यार्थ्यास लंडनमध्ये मिळालेले पहिले नियम हे असे होते.

दिवस कसेबसे जात. रात्र मात्र जाता जात नसे. घराची, आईची आठवण येऊन उशी आसवांनी भिजे. हे दुःख सांगावे तरी कोणास? भोवतालची माणसे, त्यांचे वागणे, त्यांची घरे, सारेच परके होते. इंग्लंडात राहवत नव्हते, आणि परत जाण्याचा तर विचारही करवत नव्हता. ह्याच दिवसांत त्यांस एकोणीस वर्षे पूर्ण झाली.

त्यातच अन्नाचे हाल. मांस वर्ज्य, आणि मीठमसाल्यावाचून उकडलेली भाजी घशाखाली उतरत नसे. ज्या विधवा बाईच्या घरी ते राहत, ती बिचारी ह्या पाहुण्यास काय वाढावे ह्या विवंचनेत असे. सकाळी ओटची लापशी खाऊन पोट भरे. पण दुपारी व रात्री पाव, मुरंबा आणि थोडी पालेभाजी एवढेच मिळे. दोन-तीन तुकड्यांहून अधिक पाव मागणे त्यांस प्रशस्त वाटत नसे. त्या बाईच्या मुली कधी एखादा तुकडा आग्रहाने जास्त वाढीत. परंतु वाढत्या वयाच्या मुलाची भूक तेवढ्याने कशी भागणार? एका स्नेह्याने प्रतिज्ञा सोडण्याविषयी वारंवार वाद घातला. वादात मोहनदास हरत. प्रतिज्ञा मात्र सोडीत नसत. शाकाहारी खानावळ शोधण्यासाठी ते रोज दहा-बारा मैल पायी भटकत. अखेर एके दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटवर अशी एक खानावळ सापडली, आणि इंग्लंडास आल्यापासून प्रथमच ते पोटभर जेवले.

नोव्हेंबरच्या सहाव्या तारखेस त्यांचे नाव ‘इनर टेम्पल’ ह्या संस्थेत दाखल झाले. इंग्लंडात बॅरिस्टर होण्याची रीत आपल्या कॉलेजांहून निराळी आहे. लंडनमध्ये ‘इन’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार जुन्या संस्था आहेत आणि बॅरिस्टरीची सनद त्याच देतात. त्या काळी सनदेसाठी दोन अटी होत्या. एक परीक्षा उत्तीर्ण होण्याची. आणि दुसरी, ऐकून हसू येईल, पण जेवणाची! तीन वर्षांच्या बारा सत्रांत विद्यार्थ्याने संस्थेच्या भोजनगृहात हजर राहिले पाहिजे, असा नियम होता. प्रत्येक सत्रात सुमारे चोवीस भोजने होत. त्यांपैकी निदान सहांस हजेरी लागे. एकेका जेवणास अडीच ते साडेतीन शिलिंग पडत.

ह्या नियमाचे मूळ फार जुने आहे. पूर्वी विद्यार्थी थोडे होते. ते अनुभवी कायदेपंडितांच्या पंक्तीस बसत, त्यांची संभाषणे व भाषणे ऐकत आणि त्यातून व्यवहाराचे ज्ञान व बोलण्याची सफाई मिळवीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्यार्थी पुष्कळ झाले. ज्येष्ठांची पंगत दूर, वेगळी बसू लागली. संभाषण उरले नाही, जेवण तेवढे उरले. जुन्या चालीचे असेच होते. कारण नाहीसे झाले तरी चाल राहते.

मोहनदास त्या पंक्तीस बसत, तेव्हा प्रारंभी त्यांस तेथे काहीच खाण्यासारखे आढळत नसे. पाव, उकडलेले बटाटे आणि कोबी एवढ्यावर ते भागवीत. असे असूनही त्यांच्या शेजारी बसण्यासाठी विद्यार्थ्यांत चढाओढ लागे. त्याचे कारण गमतीचे आहे. प्रत्येक चौघांच्या गटास मद्याच्या दोन बाटल्या मिळत. ज्या गटात गांधी असतील, तेथे त्या दोन बाटल्या तिघांतच वाटल्या जात! पुढे त्यांनी व एका पारशी विद्यार्थ्याने अर्ज केला, तेव्हा ज्येष्ठांच्या पंक्तीतील फळे व भाज्या त्यांस मिळू लागल्या.

लोकांच्या दृष्टीत आपण रानटी ठरू नये, म्हणून आरंभीच्या महिन्यांत त्यांनी उंची पोशाख शिवविला, नृत्याच्या वर्गात नाव घातले, व्हायोलिन विकत घेतले आणि भाषणकलेचा शिक्षकही धरला. पियानोच्या ठेक्यावर पाऊल पडेना. सुमारे तीन महिन्यांनी त्यांच्या ध्यानात आले की, आपण येथे विद्यार्थी म्हणून आलो आहोत. शिकवण्या बंद झाल्या, व्हायोलिन विकले गेले. भावाचा पैसा आपण खर्च करतो ही जाणीव अशी बळावली, की ते दमडीदमडीचा हिशेब लिहू लागले. पुढे एकाच खोलीत राहणे, सकाळची लापशी व कोको स्वतः करणे, आणि गाडीभाडे वाचवून रोज आठ-दहा मैल चालणे, हा त्यांचा क्रम झाला.

आता परीक्षांची गोष्ट. रोमन कायदा आणि इंग्लंडचा सामान्य कायदा अशा दोन परीक्षा असत. त्या अवघड नव्हत्या. नेमलेली पुस्तके फारसे कोणी वाचीतच नसे. बाजारात टिपणे मिळत. रोमन कायद्याची टिपणे पंधरा दिवसांत आणि दुसऱ्या परीक्षेची दोन-तीन महिन्यांत घोकून बहुतेक सारे विद्यार्थी पार पडत. रोमन कायद्यात तर शंभरांतील पंच्याण्णवांहून अधिक उत्तीर्ण होत. जेवावयाचे आणि टिपणे घोकावयाची, की झाले बॅरिस्टर! म्हणूनच लोक अशांस थट्टेने जेवणाचे बॅरिस्टर म्हणत.

मोहनदासांस ही सोपी वाट मोकळी होती. ते ठळक बुद्धीचे विद्यार्थी म्हणून कधी ओळखले गेले नव्हते आणि इंग्रजीही कच्चेच होते. तेव्हा टिपणे घेतली असती, तर कोणी नावे ठेवली नसती. परंतु ज्या विद्येसाठी भावाने पैसा ओतला आणि आपण आईस व घरादारास सोडून आलो, ती न शिकताच तिची पदवी घेणे म्हणजे एक प्रकारची फसवणूक आहे, असे त्यांस वाटले. त्यांनी पुष्कळ पैसा खर्चून मूळ पुस्तके विकत घेतली आणि ती सारी वाचावयाचे ठरविले.

जेवणांच्या अटीमुळे वेळ मोकळा मिळे, तेव्हा लंडनची मॅट्रिक परीक्षाही द्यावी असा विचार त्यांनी केला. तीस लॅटिन भाषा आवश्यक होती. कायद्याच्या अभ्यासास लॅटिन उपयोगी पडते, असे एका मित्राने सांगितले होते. पाच महिने खपून त्यांनी परीक्षा दिली आणि नेमके लॅटिनमध्येच ते नापास झाले. खचून न जाता त्यांनी तीच भाषा पुन्हा हाती घेतली. १८९० च्या जूनमध्ये ते उत्तीर्ण झाले. त्या बळावर रोमन कायदा त्यांनी लॅटिनमधूनच वाचला. इंग्लंडच्या सामान्य कायद्यावरील ब्रूमच्या मोठ्या ग्रंथासह इतर पुस्तकांस नऊ महिने कसून मेहनत लागली. स्नेल ह्यांचे इक्विटीवरील पुस्तक मात्र त्यांस गोड वाटले, जरी ते समजण्यास कठीण होते.

१८९१ च्या जूनच्या दहाव्या तारखेस त्यांस बॅरिस्टरीची सनद मिळाली. अकराव्या तारखेस हायकोर्टात नाव नोंदविले गेले, आणि बाराव्या तारखेस ते स्वदेशी निघाले. एक दिवसही अधिक ते तेथे राहिले नाहीत. मुंबईस उतरल्यावर बंधूंनी वार्ता सांगितली. ते विलायतेस असतानाच आई वारली होती. परदेशी एकट्याने हा आघात सोसावा लागू नये, म्हणून घरच्यांनी ती कळविली नव्हती. पदवी जिला दाखवावयाची, तीच उरली नव्हती.

इतके वाचूनही मनात धाकधूक होतीच. कायद्याची तत्त्वे पाठ होती. पण खटला कसा चालवावा, हे कोणत्याच पुस्तकात नव्हते आणि हिंदी कायद्याचा अभ्यास झाला नव्हता. ती भीती खरी ठरली. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात तीस रुपयांचा पहिला खटला मिळाला. उलटतपासणीस उभे राहताच पाय लटपटू लागले, डोके गरगरू लागले. एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, पैसे परत केले आणि कोर्टाबाहेर पडले.

दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, दादा अब्दुल्ला ह्यांच्या पेढीने त्यांस एका वर्षाच्या कराराने दक्षिण आफ्रिकेत नेले. पेढीचा प्रिटोरिया येथील तय्यब शेठ ह्यांच्याशी सुमारे चाळीस हजार पौंडांचा दावा चालला होता. दावा सारा हिशेबाचा, आणि मोहनदासांस जमाखर्चाचे ज्ञान नव्हते. त्यांनी जमाखर्चावरील पुस्तक आणून अभ्यासले, वह्या चाळल्या, गुजराती पत्रव्यवहाराचे भाषांतर केले. तेथील कायद्याचा पाया रोमन व डच होता. तेव्हा लंडनमध्ये लॅटिनमधून वाचलेले ते जुने पुस्तक येथे अनपेक्षितपणे कामास आले.

कागदपत्र वाचता वाचता पक्षकाराची बाजू बळकट असल्याची त्यांची खात्री झाली. परंतु दुसरीही गोष्ट दिसली. दोघेही एकाच गावचे आणि एकमेकांचे आप्त होते. खटला असाच चालला, तर वकिलांच्या खर्चातच दोघे बुडणार होते. त्यांनी खटपट करून दोघांस लवादापुढे आणले. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला. सदतीस हजार पौंड आणि खर्च एकदम भरावयाचा, तर तय्यब शेठांचे दिवाळे वाजणार होते. मोहनदासांनी दादा अब्दुल्लांकडे रदबदली केली, आणि ती रक्कम दीर्घ मुदतीच्या हप्त्यांनी घेण्याचे त्यांनी मान्य केले.