काँग्रेसचे संस्थापक वेंगुर्ल्याच्या खडकांवर पक्षी बघायला आले होते

मालवणच्या दांडीवरून किंवा निवतीच्या किनाऱ्यावरून सकाळी सकाळी होड्या सुटतात. ओरोसला गाडीतून उतरून आलेली मंडळी लाइफ जॅकेट अडकवून बसतात आणि मच्छीमार ज्याला गादा म्हणतात तो डॉल्फिन पाण्यावर आला रे आला की सगळे मोबाइल एकाच बाजूला वळतात. होडीवाला ओरडतो, एका बाजूला जाऊ नका. निवतीच्या समोर खोल समुद्रात काही काळे खडक आणि त्यावरचं दीपगृह दिसतं. नकाशावर त्यांचं नाव वेंगुर्ला रॉक्स.

या खडकांवर दीडशे वर्षांपूर्वी, १८७५ साली, एक इंग्रज अधिकारी येऊन गेला. त्याच्याजवळ कॅमेरा नव्हता, बंदूक होती. आपण त्याचं नाव शाळेत इतिहासाच्या पेपरसाठी पाठ केलेलं असतं. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, काँग्रेसचे संस्थापक. एका मार्काचा प्रश्न, विषय संपला. पण पक्षी अभ्यासकांच्या जगात ह्यूम यांची ओळख पूर्ण वेगळी आहे. तिथे त्यांना भारतीय पक्षीशास्त्राचे जनक मानतात आणि काँग्रेसचा उल्लेख मागाहून येतो.

ह्यूम यांचा जन्म ४ जून १८२९ चा. वडील जोसेफ ह्यूम ब्रिटिश पार्लमेंटमधले जहाल सुधारणावादी खासदार होते, सरकारी उधळपट्टीचा हिशेब मागण्यासाठी प्रसिद्ध. मुलाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी कॉलेजात शिक्षण घेतलं, लंडनमध्ये थोडी वैद्यकीही शिकली आणि १८४९ मध्ये तो भारतात आला. नेमणूक झाली इटाव्याला, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात. तिथे त्यांनी मोफत शाळा काढायचा सपाटा लावला. १८५७ पर्यंत शाळांची संख्या १८१ वर गेली होती. दारूच्या उत्पन्नावर सरकार चालवणं त्यांना पटत नसे आणि ते वरिष्ठांना तसं लेखी कळवत. असा माणूस वरिष्ठांना किती आवडत असेल, याचा अंदाज कोणीही बांधू शकेल.

१८५७ च्या उठावात त्यांना इटावा सोडून आग्र्याला जावं लागलं. परत आल्यावर त्यांनी स्थानिक लोकांची फौज उभी करून लढाया केल्या, त्याबद्दल सरकारने किताबही दिला. पण आसपासच्या जिल्ह्यांत सूडापोटी माणसं झाडांना लटकवली जात असताना इटाव्यात फाशीचा आकडा सातवर थांबला. उठावाला इंग्रजांचा कारभारच जबाबदार आहे, असं त्यांचं मत होतं.

पुढे १८६७ मध्ये त्यांच्याकडे जकात आयुक्ताचं काम आलं आणि इथे गोष्ट जरा विचित्र होते. मिठाची चोरटी ने-आण रोखण्यासाठी इंग्रजांनी उत्तर आणि मध्य भारतातून हजारो किलोमीटरची जकात रेषा आखली होती आणि तिच्यावर बाभूळ, बोर, करवंदीचं काटेरी कुंपण लावलं होतं. ते कुंपण दाट आणि लांब करण्यात ह्यूम यांचा मोठा हात होता. गरिबाच्या मिठावर कर बसवणाऱ्या यंत्रणेचा हा माणूस कारभारी! आणि पुढे १९३० च्या मे महिन्यात वेंगुर्ला तालुक्यातल्याच शिरोड्याच्या मिठागरांवर कोकणातल्या लोकांनी मिठाचा कायदा मोडला, तो ह्यूम यांनीच उभ्या केलेल्या काँग्रेसच्या झेंड्याखाली. इतिहास कधी कधी असा फिरून त्याच गावात येतो.

पण या सगळ्या काळात त्यांचा खरा जीव पक्ष्यांत अडकला होता. सरकारी दौरा जिथे जाईल तिथे ते पक्षी मारून त्यांची कातडी जमवत. हे आज वाचायला बरं वाटत नाही. पण तेव्हाची अडचण समजून घ्यायला हवी. १८७० च्या दशकातला कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिकाटणं आणि ओल्या रसायनाची काच. हलत्या होडीतून उडत्या पक्ष्याचा फोटो काढणं अशक्यच होतं. चांगल्या दुर्बिणी नव्हत्या, ओळखण्यासाठी चित्रांची पुस्तकं नव्हती. पक्षी कुठला हे ठरवायचं तर तो हातात हवा. म्हणून गोळी, मग कातडी सोलणं, आत कापूस भरणं आणि पायाला तारीख-ठिकाणाची चिठ्ठी.

ह्यूम एकटे हे करत नव्हते. १८७२ च्या सुमारास त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं नियतकालिक सुरू केलं आणि देशभरातले इंजिनिअर, डॉक्टर, लष्करी अधिकारी, कलेक्टर त्यात लिहू लागले. तेव्हा सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा नव्हता (तो १९८१ मध्ये झाला), मालवण-वेंगुर्ला रत्नागिरीतच मोडत. तिथे नोकरीला असलेले जी. डब्ल्यू. व्हिडाल हे अधिकारी ह्यूम यांच्यासाठी लिहीत. त्यांची दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली सविस्तर यादी १८८० मध्ये याच नियतकालिकात आली. आज कोणी मालवण किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड बघितला आणि पूर्वी तो इथे होता का असं विचारलं, तर उत्तर शोधायला याच यादीपाशी जावं लागतं.

ह्यूम स्वतः बोटीने खूप फिरले. १८७३ मध्ये अंदमान-निकोबार झालं. १८७५ मध्ये सरकारच्या ‘क्लाइड’ या सर्वेक्षण जहाजातून ते लक्षद्वीपला गेले. अधिकृत काम होतं दीपगृहांसाठी जागा बघण्याचं. ह्यूम यांनी त्यात समुद्राची खोली मोजण्याचं काम जोडलं आणि पक्षी तर होतेच. याच मोहिमेचा आणि पश्चिम किनाऱ्याचा वृत्तांत त्यांनी १८७६ मध्ये छापला, त्यात वेंगुर्ला रॉक्स आहेत.

हे खडक का महत्त्वाचे? तिथल्या कपारींत भारतीय पाकोळ्या थुंकीने घरटी चिकटवतात आणि खडकांच्या माथ्यावर समुद्री सुरय अंडी घालतात. सुरय येतात ते उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यात, म्हणजे नेमक्या त्या दिवसांत जेव्हा दर्या खवळतो आणि होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकलेल्या असतात. ह्यूम गेले फेब्रुवारीत. समुद्र शांत, पण सुरयांच्या विणीचा हंगाम नाही. आजच्या पर्यटकाचीही हीच पंचाईत आहे. या खडकांवर सर्वात जास्त गजबज असते तेव्हा तिथे माणूस जाऊ शकत नाही. पक्ष्यांच्या दृष्टीने ते बरंच आहे म्हणा. ज्या पाकोळ्या वर्षभर तिथेच असतात त्यांना ही सवलत नाही. त्यांच्या घरट्यांना परदेशात सूपसाठी पैसा मिळतो, त्यामुळे ती चोरली जात आणि अगदी अलीकडे, २००० नंतरही, तिथे राखण ठेवायची वेळ आली.

सिमल्याच्या जाखू टेकडीवर ‘रॉथनी कॅसल’ या त्यांच्या बंगल्यात हा सगळा संग्रह वाढत होता. १८७९ मध्ये वरिष्ठांशी न पटल्यामुळे त्यांना सचिवपदावरून खाली उतरवलं गेलं. १८८२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. आता भारतातल्या सगळ्या पक्ष्यांचा मोठा ग्रंथ लिहायचा, असं ठरलं. पंचवीस वर्षांच्या नोंदी तयार होत्या. एका हिवाळ्यात ते सिमल्याबाहेर असताना नोकराने त्या हस्तलिखितांचे गठ्ठे बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकले. परत आले तेव्हा कागद पुड्या बांधण्यात गेले होते.

ह्यूम पुन्हा लिहायला बसले नाहीत. थिऑसॉफीच्या ओढीने ते शाकाहारी झाले होते, पक्षी मारणंही त्यांनी सोडलं होतं. सुमारे ८२,००० नमुने त्यांनी लंडनच्या संग्रहालयाला देऊन टाकले. ते नेण्यासाठी १८८५ मध्ये खास तज्ज्ञ सिमल्याला आला. त्याच वर्षी डिसेंबरात ह्यूम मुंबईत होते. अधिवेशन पुण्यात व्हायचं होतं, पण तिथे कॉलऱ्याची साथ आली, म्हणून ७२ प्रतिनिधी गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत जमले आणि काँग्रेस सुरू झाली. पक्ष्यांच्या कामात देशभरच्या अनोळखी माणसांना पत्रं लिहून एका धाग्यात बांधायची जी सवय लागली होती, ती इथे कामाला आली असावी, असं मला वाटतं.

त्या मेलेल्या पक्ष्यांचं पुढे काय झालं? ह्यूम यांनी १८६७ मध्ये सतलजच्या खोऱ्यात एक मोठ्या चोचीचा वटवट्या टिपला होता. तसा दुसरा पक्षी नंतर कोणाला सापडलाच नाही. काहींना तर ही वेगळी जात आहे यावरच शंका होती. मग २००६ मध्ये थायलंडमध्ये अभ्यासकांच्या जाळ्यात एक वटवट्या आला. त्याचा डीएनए ह्यूम यांच्या नमुन्याशी ताडून पाहिला आणि तो जुळला. मध्ये १३९ वर्षं गेली होती.

ह्यूम १८९४ मध्ये कायमचे इंग्लंडला परतले. तिथे त्यांनी पक्ष्यांऐवजी झाडं हाती घेतली. १९१० मध्ये दक्षिण लंडनमध्ये सामान्य लोकांसाठी वनस्पतीशास्त्राची संस्था काढली, ती अजून चालू आहे. ३१ जुलै १९१२ ला ते वारले.