माणसांपासून सुरू होणारा हिशेब : नियोजनकार बाबासाहेब

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. चवदार तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, संविधान आणि दीक्षाभूमी या टप्प्यांनी ते आपल्या मनावर कोरले गेले आहे. मात्र त्यांच्या जीवनातील एक धागा आपल्या जयंतीच्या भाषणांत क्वचितच येतो. एखाद्या प्रदेशाची आर्थिक ताकद कशी मोजावी आणि त्याच्या दारिद्र्याचे मूळ कोठे शोधावे, या प्रश्नाचा त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला. नंदुरबारच्या वाचकाला हा धागा विशेष जवळचा वाटावा. कारण त्याच्या अखेरच्या टोकाला आपला प्रदेश नावानिशी उभा आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे बालपण साताऱ्यात गेले. सुभेदार रामजी त्या काळी खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपालाच्या नोकरीवर होते. वडिलांना भेटण्यासाठी निघालेल्या या मुलांना गाडीवानाने कसे वागवले, ही हकिगत सर्वांना ठाऊक आहे. मात्र रामजी तेथे कशासाठी होते, याकडे सहसा लक्ष जात नाही. दुष्काळात हजारोंनी मरणाऱ्या लोकांना मजुरी मिळावी म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. कोरडा मुलूख, रिकामे हात आणि पाण्याची साठवण या तीन गोष्टी बाबासाहेबांच्या अर्थविचारात पुढे पुन:पुन्हा येतात. त्यांची पहिली ओळख पुस्तकातून झालेली नव्हती.

मुंबई विद्यापीठाची पदवी १९१२ साली मिळाली. पुढील वर्षी सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि तेथून लंडनच्या अर्थशास्त्र संस्थेत गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ साली, तर प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. प्रांतांनी कोणता महसूल गोळा करावा, त्यातील किती स्वत:जवळ ठेवावा आणि मध्यवर्ती सरकारशी त्याची वाटणी कशी व्हावी, याचा इतिहास त्यात आहे. विषय रूक्ष आहे खरा. परंतु प्रदेशाच्या विकासाची बोलणी त्याच्या तिजोरीपासूनच सुरू होतात, हे ज्याला उमगले त्याला तो रूक्ष वाटणार नाही.

आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे तो १९१८ साली प्रसिद्ध झालेला भारतातील लहान शेतजमिनींवरील निबंध. शेतीचे तुकडे फार झाले, म्हणून ते एकत्र करून शेते मोठी करावीत, असा तेव्हाच्या अधिकाऱ्यांचा आणि तज्ज्ञांचा सूर होता. सत्तावीस वर्षांच्या या तरुणाने प्रश्नच उलटा केला. शेत लहान की मोठे, हे एकरांवर ठरत नाही. त्या जमिनीला किती बैल, किती अवजारे, किती भांडवल आणि किती श्रम लाभतात, यावर ते ठरते. बडोदे संस्थानातील बैल आणि नांगर यांचे आकडे मांडून त्यांनी दाखवले की ही साधने आहे त्या जमिनीलाच पुरत नाहीत. मग शेत मोठे करून काय साधणार? खरे दुखणे निराळे होते. शेतीवर गरजेपेक्षा कितीतरी अधिक माणसे अवलंबून होती. त्यांचे श्रम वाया जात आणि पोट मात्र त्याच जमिनीला भरावे लागे. या माणसांना उद्योगधंद्यांत काम मिळाले, तर शेतीवरील भार हलका होईल आणि शेतीही सुधारेल, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हा निबंध आपल्या जिल्ह्यावर ठेवून पाहावा. शहाद्याजवळ तापीकाठी दोन एकर आणि धडगावच्या डोंगरउतारावर दोन एकर, सातबाऱ्यावर दोन्ही सारखेच. एका ठिकाणी विहीर, वीज आणि कर्ज असल्याने ऊस, केळी, पपई उभी राहते. दुसऱ्या ठिकाणी पावसाच्या भरवशावरचे एक पीक निघते आणि दिवाळीनंतर घराला कुलूप लागून कुटुंब ऊसतोडीला निघून जाते. या कुटुंबाची श्रमशक्ती ही आपल्या जिल्ह्याची सर्वांत मोठी संपत्ती आहे. ती दुसऱ्या प्रदेशाच्या हिशेबात जमा होते.

विधिमंडळातही त्यांनी हीच दृष्टी नेली. १९२७ साली लहान शेतजमिनींचे विधेयक आले, तेव्हा या मार्गाने असंख्य शेतकरी भूमिहीन होतील, असा इशारा देऊन त्यांनी सहकारी शेतीचा पर्याय पुढे ठेवला. १९३७ च्या जुलैअखेर ते न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. आपले नंदुरबार तेव्हा त्याच पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. दर वर्षी ३१ जुलैला तेथे जाणारे आपल्यातील अनेकजण त्या वास्तूपुढे नतमस्तक होतात. त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १७ सप्टेंबरला, त्यांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जमिनीचे उत्पन्न आणि ते कोणाच्या घरी जाते, हे त्यांच्या लेखी वेगळे प्रश्न नव्हतेच.

१९४२ च्या जुलैमध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज ही खातीही त्यांच्याकडेच होती. १९४३ साली दामोदर नदीला महापूर आला. केवळ पूर अडवणारी भिंत बांधून थांबावे, हे त्यांना मान्य नव्हते. त्याच पाण्यातून सिंचन, वीज आणि जलवाहतूक साधावी आणि संपूर्ण खोरे हे नियोजनाचे एकक मानावे, ही भूमिका त्यांनी १९४५ च्या कलकत्ता येथील परिषदेत व त्याच वर्षी कटक येथील परिषदेत मांडली. अधिक पाणी ही आपत्ती नसून न साठवलेली संपत्ती आहे, अशी त्यांची धारणा होती. दामोदर खोरे महामंडळ १९४८ च्या कायद्याने स्थापन झाले.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने अडचणीचे बोललेच पाहिजे. धरणांच्या त्या युगात विस्थापितांचा हिशेब तोकडा राहिला, दामोदर खोऱ्यातही राहिला. आपल्या जिल्ह्याला तर ते सांगण्याची गरज नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे आली. प्रकल्पाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के ठरला. वीज राज्याच्या खात्यावर आली आणि बुडीत नर्मदाकाठच्या पाड्यांच्या. बाबासाहेबांच्या १९१८ च्या कसोटीवर हा व्यवहार उतरत नाही, असे माझे मत आहे. कारण ती कसोटी जमीन व पाण्याच्या आधी माणसाचे काय झाले, हे विचारते.

आता त्या अखेरच्या टोकाकडे. १९५५ च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी भाषावार राज्यांवरील आपले विचार पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. प्रकृती ढासळली होती, तरी पुस्तकात क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि महसूल यांची कोष्टके आहेत. मराठी मुलखाचे मुंबई, पश्चिम, मध्य आणि पूर्व असे चार भाग त्यांनी सुचवले. मध्य महाराष्ट्रात मराठवाड्याच्या जिल्ह्यांबरोबर नाशिक, अहमदनगर, डांग, पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश होते. निजामी राजवटीत मराठवाड्याला ना कालवे मिळाले, ना पुरेशा शाळा, ना नोकऱ्या, हे त्यांनी नोंदवले. मागे पडलेला प्रदेश पुढारलेल्या प्रदेशाबरोबर एकाच राज्यात बांधला गेला, तर त्याचा आवाज कोण ऐकणार, ही त्यांची चिंता होती. संयुक्त महाराष्ट्राच्या उत्साहात ती अनेकांना रुचली नाही. स्वत: मात्र त्यांनी १९५० सालीच औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले होते, आणि नागसेनवनात वर्गांइतकेच महत्त्व वसतिगृहांनाही मिळाले.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, डांग गुजरातेत गेला, पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार वेगळा निघाला. प्रादेशिक असमतोल दूर करण्यासाठी १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली. विदर्भाला एक, मराठवाड्याला एक. आपण राहिलो उर्वरित महाराष्ट्रात, पुणे आणि कोल्हापूर यांच्यासोबत. बाबासाहेबांनी ज्या रांगेत आपल्याला बसवले होते, त्याच्या नेमक्या उलट बाजूला. त्या मंडळाची सरासरी काढताना पुण्याच्या कारखान्यांशेजारी धडगावचे पाडे बेरजेत मिसळत आणि दिसेनासे होत. या मंडळांची मुदत २०२० साली संपली. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार होती. त्यांत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक होते आणि साक्षरता ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. २०१८ साली केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा पुणे आणि नंदुरबार वेगवेगळ्या रकान्यांत आले. त्या यादीत उस्मानाबादही होता. १९५५ च्या पुस्तकात मध्य महाराष्ट्रात आपल्या सोबतीला असलेला.