छाती उघडणारे शल्यविशारद : साऊरब्रुख

विसाव्या शतकाच्या आरंभी छाती उघडणे म्हणजे रुग्णाच्या जिवावर उदार होणे होते. बाहेरची हवा शिरताच फुफ्फुस मिटे, रक्तातील प्राणवायू घटे. त्यामुळे छातीतील अन्ननलिकेचा कर्करोग शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेरच होता.

१८७५ मध्ये जर्मनीतील बार्मेन येथे जन्मलेले फर्डिनांड साऊरब्रुख १९०३ मध्ये ब्रेस्लाऊला मिकुलिच यांच्याकडे रुजू झाले. गुरूंनी हाच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी कमी दाबाची हवाबंद खोली तयार केली. रुग्णाचे धड आत, डोके बाहेर आणि शल्यविशारदही आतच! कुत्र्यांवरील प्रयोग साधला. पहिला मानवी प्रयोग मात्र रुग्णाच्या मृत्यूने संपला.

छाती उघडता आली, तरी अन्ननलिका दाद देईना. तिला आतड्यासारखे बाह्य आवरण नसते, त्यामुळे टाके नीट धरत नाहीत. शिवलेल्या टोकांना रक्त, म्हणजेच प्राणवायू, अपुरा पडला की शिवण उसवते आणि लाळ छातीत झिरपते. ही गुंतागुंत आजही शल्यविशारदांना धास्तावते. १९१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक यांनी शिवणच टाळली व शरीराबाहेरून रबरी नळी जोडली. त्यांची रुग्ण १३ वर्षे जगली. त्यांनी श्वासनलिकेत नळीने हवा सोडली होती. या सोप्या पद्धतीपुढे साऊरब्रुख यांची खोली मागे पडली.

पुढे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात त्यांना मोठी कीर्ती लाभली. नाझी राजवटीत त्यांनी स्वीकारलेली सरकारी पदे मात्र त्या कीर्तीवरील डागच होत. उतारवयात स्मृतिभ्रंश जडूनही त्यांनी शस्त्रक्रिया थांबविल्या नाहीत. अखेर १९४९ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. २ जुलै १९५१ रोजी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले.