परक्या लेकरांचे बापू : जामसाहेब दिग्विजयसिंहजी

महिला मंडळाच्या स्मरणिकेत थोर स्त्रियांची चरित्रे छापण्याचा प्रघात आहे. यंदा आम्ही एका पुरुषाचे चरित्र आपणांपुढे ठेवीत आहोत, आणि तेही एका संस्थानिकाचे. राजेरजवाड्यांच्या वैभवाचे वर्णन करण्याचा आमचा हेतू नाही. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी युद्धाच्या वणव्यातून होरपळून आलेल्या शेकडो परक्या मुलांचा सांभाळ केला, आणि तो आईच्या जाणतेपणाने केला. तेवढ्यासाठी त्यांची ओळख प्रत्येक घरी असावयास हवी.

दिग्विजयसिंहजींचा जन्म १८ सप्टेंबर १८९५ रोजी काठेवाडातील सरोदर या गावी झाला. क्रिकेटमध्ये ज्यांचे नाव आजही घेतले जाते, ते नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी हे त्यांचे चुलते. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात व पुढे इंग्लंडमध्ये त्यांचे शिक्षण झाले. काही वर्षे त्यांनी सैन्यात नोकरी केली. रणजितसिंहजींना पुत्रसंतान नव्हते. १९३३ साली ते निवर्तल्यावर नवानगरची गादी दिग्विजयसिंहजींकडे आली. पुढे १९३५ साली सिरोहीच्या राजकन्या गुलाबकुंवरबा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चुलत्यांप्रमाणे त्यांनाही क्रिकेटचा नाद होता. देशातील संस्थानिकांचे जे नरेंद्रमंडळ होते, त्याचे ते १९३७ पासून काही वर्षे कुलपती होते.

रणजितसिंहजी राष्ट्रसंघात हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून जिनीव्हास जात असत. तेथे जवळच पोलंडचे विख्यात पियानोवादक व राजकारणी पादेरेव्स्की राहत होते. या घरोब्यामुळे पोलंड देशाविषयी जामसाहेबांच्या मनात तरुणपणापासून आपुलकी होती, असे सांगतात.

हा पोलंड देश कोठला, आणि त्याची मुले हिंदुस्थानात कशी आली, हे थोडक्यात सांगावयास हवे. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर स्वारी केली आणि १७ सप्टेंबरला रशियाची फौज पूर्वेकडून आत शिरली. दोघांनी मिळून तो देश वाटून घेतला. १९४० च्या फेब्रुवारीत, ऐन थंडीत, पूर्व पोलंडमधील कुटुंबे रात्री-अपरात्री घराबाहेर काढून मालगाड्यांत कोंबण्यात आली व सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन सोडण्यात आली. तेथे लाकूडतोडीची कामे, अपुरी भाकरी आणि रोगराई यांत माणसे पटापट गेली. कोणाचा बाप गेला, कोणाची आई गेली, कोणाची दोघेही गेली. १९४१ साली जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा रशियाने या पोलिश लोकांना मोकळे केले. मोकळे झाले खरे, पण जाणार कोठे? दक्षिणेकडे जी माणसांची रीघ लागली तीत पोरकी मुले हजारोंनी होती. काही आया अशाही होत्या की त्यांनी आपली जिवंत मुले अनाथाश्रमाच्या दारात आणून सोडली. आपल्याजवळ राहिले तर मरेल, परक्याकडे गेले तर जगेल, एवढाच त्यामागे हिशेब होता. आपणांपैकी जी आई असेल तिला यावर अधिक काही सांगण्याची गरज नाही.

मुंबईत त्या वेळी पोलंडचे वकील बनासिन्स्की हे होते. त्यांच्या पत्नी किरा बनासिन्स्का यांनी पोलिश रेडक्रॉसच्या वतीने मदतकार्य हाती घेतले होते. हिंदुस्थानातून औषधे, कपडे व धान्य भरून मालमोटारी उत्तरेस पाठविण्यात आल्या, आणि परतीच्या वाटेवर त्याच मोटारींतून अश्काबादहून मुले आणावयाची असे ठरले. पण मुले आणून ठेवावयाची कोठे? देश युद्धाच्या खर्चाखाली दबला होता, धान्याची टंचाई होती, ब्रह्मदेशातून निर्वासित येत होते. अशा वेळी जामसाहेबांनी आपल्या संस्थानात या मुलांना जागा देण्याचे कबूल केले. एवढेच नव्हे, तर नरेंद्रमंडळाचे कुलपती या नात्याने इतर संस्थानिकांकडे शब्द टाकला व मुलांच्या पालनपोषणासाठी निधी उभा केला.

१९४२ साली मुलांची पहिली तुकडी मशहद, झाहिदान, क्वेट्टा अशा डोंगराळ व वाळवंटी वाटेने आली. मुंबईस पोहोचल्यावर प्रथम त्यांना वांद्रे येथे ठेवण्यात आले. मुले कसली, हाडांचे सापळेच ते. हिवतापाने व उपासमारीने खंगलेली, आणि भाकरीचा तुकडा दिसला की उद्यासाठी उशीखाली दडवून ठेवणारी.

जामनगरपासून सुमारे २५ किलोमीटरवर समुद्रकाठी बालाचडी नावाचे ठिकाण आहे. तेथे जामसाहेबांचा उन्हाळी वाडा होता. त्याच्या शेजारी मुलांसाठी बराकी बांधण्यात आल्या, आणि १९४२ च्या उन्हाळ्यानंतर तेथे मुले राहावयास आली. पुढील चार वर्षांत सहाशेहून अधिक मुले या छावणीत वाढली. अगदी दोन-तीन वर्षांच्या बालकापासून मिसरूड फुटलेल्या मुलापर्यंत सर्व वयांची ती होती.

मुले आली त्या दिवशी जामसाहेब स्वतः त्यांच्या स्वागतास उभे राहिले. आजपासून तुम्ही पोरकी नाही, तुम्ही नवानगरची मुले झालात आणि मी तुमचा बापू झालो, अशा अर्थाचे चार शब्द ते बोलले. ही मुले म्हातारी झाली तरी ते शब्द विसरली नाहीत. आयुष्यभर ती त्यांना बापूच म्हणत राहिली. आपल्याकडे बापू म्हणजे काय ते सांगावयास नको. खानदेशात तर घरोघर एक बापू असतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे चरित्र लिहिले, तिच्याकडे वळू. अनाथ मुलाला अन्न देणे ही दया झाली. ती पुष्कळांच्या ठायी असते. पण अन्न देणारा मनुष्य बहुधा त्या मुलाला आपल्यासारखे करू पाहतो. आपली भाषा, आपला देव, आपले नाव त्याला देतो, आणि त्यात त्याचे कल्याणच आहे असे समजतो. जामसाहेबांनी तसे केले नाही. या मुलांना एक दिवस आपल्या देशी परत जावयाचे आहे, त्यांचे कोणी आप्त जगात कोठे तरी जिवंत असतील, हे त्यांनी मनात पक्के धरले होते. म्हणून बालाचडीत शाळा भरली ती पोलिश भाषेत. शिक्षिकाही पोलिश, आणि स्वयंपाकघराची देखरेखही पोलिश स्त्रियांकडेच. छावणीचे प्रमुख फादर प्लुटा हे त्यांच्याच धर्माचे पाद्री होते. त्यामुळे प्रार्थना व सणवार त्यांच्या रीतीने होत. शाळेसाठी व वाचनालयासाठी वाड्यालगतची जागा मोकळी करून दिली होती. खेळावयास मैदान होते, बालवीरांची पथके होती, दवाखाना होता. नाताळात मुले आपली लोकनृत्ये व नाटके करीत, आणि भाषेचा एक शब्द कळत नसला तरी जामसाहेब पहिल्या रांगेत बसून ती पाहत व मुलांना खाऊ वाटीत.

पालकाच्या भाजीची एक गोष्ट ही मुले मोठेपणी हसत हसत सांगत. छावणीत रोज पालक होऊ लागला आणि मुलांना तो मुळीच आवडेना. शेवटी त्यांनी एक दिवस खाण्यावर बहिष्कार टाकला. ही बातमी वाड्यावर गेली. जामसाहेबांनी रागावण्याऐवजी यापुढे या मुलांना पालक देऊ नये असा हुकूम सोडला. गोष्ट लहानच आहे, पण जे मूल दोन वर्षांपूर्वी कोंड्याच्या भाकरीसाठी झगडत होते, त्याला नको म्हणण्याची हिंमत आली, रुसण्याचा हक्क मिळाला, याचा अर्थ ते पुन्हा मूल झाले होते. घरच्या लेकराचेच लाड कोणी असे पुरवितो.

याच सुमारास आपल्या महाराष्ट्रातही हे कार्य घडत होते. कोल्हापूरजवळ, मिरजेच्या लोहमार्गावर वळिवडे नावाचे गाव आहे. तेथे १९४३ साली पोलिश निर्वासितांची मोठी वसाहत वसविण्यात आली. सुमारे पाच हजार लोक, त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले, १९४८ पर्यंत तेथे राहिले. त्यांची देवळे, शाळा, नाटकगृह सारे तेथे उभे राहिले. बालाचडीची छावणी १९४६ साली बंद झाली, तेव्हा तेथील बरीच मुलेही वळिवड्यासच आली. कोल्हापूरच्या बाजारात ही गोरी मुले मोडक्यातोडक्या मराठीत घासाघीस करीत.

युद्ध संपले, पण मुलांचे संकट संपले नाही. १९४५ साली मोठ्या राष्ट्रांनी पोलंडमध्ये रशियाच्या छत्राखाली आलेल्या नव्या सरकारला मान्यता दिली. ज्या मुलांची घरे पूर्व पोलंडात होती, तो मुलूखच आता रशियात गेला होता. ज्या सत्तेने त्यांना घराबाहेर काढले, तिच्याच हाती या अनाथांना सोपवावे लागेल अशी भीती उत्पन्न झाली. मुलांना विचारतो कोण? तेव्हा जामसाहेब, फादर प्लुटा व छावणीशी संबंध ठेवणारे अधिकारी क्लार्क या तिघांनी मिळून या अनाथ मुलांना सामूहिक रीतीने दत्तक घेतल्याचे कायदेशीर कागद केले. आता कायद्याच्या दृष्टीने ती बेवारस राहिली नाहीत. त्यांना कोणी मनाविरुद्ध उचलून नेऊ शकत नव्हते. ज्यांना आप्त सापडले ती त्यांच्याकडे गेली. कोणी पोलंडला परतली, कोणी इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे नवी घरे वसविली. बापूंनी प्रथम दिलेला शब्द नुसता गोड बोलण्यासाठी नव्हता, हे या कागदाने सिद्ध झाले.

येथे जगातील एका गोष्टीचा उल्लेख करणे उचित होईल. पहिल्या महायुद्धानंतर एग्लंटाइन जेब या इंग्रज बाईंनी शत्रुराष्ट्रांतील उपाशी मुलांसाठी मदत गोळा केली, म्हणून त्यांना आपल्याच देशात बोलणी खावी लागली. त्यांनी लिहिलेला बालहक्कांचा जाहीरनामा राष्ट्रसंघाने १९२४ साली जिनीव्हात मान्य केला. संकटकाळी मदत प्रथम मुलाला मिळावी, हे त्यातील एक कलम. पुढे १९५९ साली संयुक्त राष्ट्रांनी दुसरा जाहीरनामा केला, आणि १९८९ साली बालहक्कांचा करार केला. भारताने तो १९९२ साली स्वीकारला. मुलाचे नाव, राष्ट्रीयत्व, कुटुंब, भाषा व धर्म हे त्याचे स्वतःचे आहेत, ते कोणी हिरावून घेऊ नये, असे या करारात आहे. बालाचडीत ही गोष्ट १९४२ सालीच, असा करार नसताना, पाळली गेली.

स्वातंत्र्यानंतर जामसाहेबांनी आपले संस्थान विलीन केले. १९४८ साली काठेवाडातील संस्थाने एकत्र होऊन सौराष्ट्र राज्य झाले, त्याचे ते राजप्रमुख झाले व १९५६ पर्यंत त्या पदावर होते. संयुक्त राष्ट्रांतही त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. ते संस्थानिक होते. एकतंत्री राज्याचे जे गुणदोष असतात ते नवानगरातही असतील. त्यांचा निवाडा इतिहासकारांनी करावा. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

पोलंडचे सेनापती सिकोर्स्की यांनी तुमचे उपकार कसे फेडावे असे विचारले असता, पोलंड स्वतंत्र झाल्यावर वॉर्सात एका रस्त्याला माझे नाव द्या, एवढेच जामसाहेबांनी मागितले, असे सांगतात. ते ऋण फेडावयास पोलंडला पुष्कळ वर्षे लागली. १९८९ नंतर तेथे लोकांचे राज्य आले. आज वॉर्सा शहरात भल्या महाराजांचा चौक आहे, आणि त्यांचे नाव धारण करणारी शाळाही आहे. त्याच शहरात कोल्हापूरच्या नावाचेही एक स्मारक आहे. खुद्द वळिवड्यास १९४८ नंतर फाळणीतून आलेली सिंधी कुटुंबे राहावयास आली. आज कापडाच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच. एका युद्धाची लेकरे उठून गेली आणि दुसऱ्या कलहाची लेकरे त्याच बराकींत निजली.

आपल्या रावेरात केळीचा कंद एका बागेतून काढून दुसऱ्या बागेत लावतात. कंद शाबूत असेल तर तो परक्या मातीतही फुटतो. कंदच कुजला तर कितीही पाणी घाला, काही उगवत नाही. लेकराचेही तसेच. दंगल असो, पूर असो की घरातला कलह असो, आपल्या गल्लीत कोणाचे मूल उघड्यावर आले तर मंडळाने त्याला पोळी द्यावी, हे खरेच. पण त्याला त्याच्या नावाने हाक मारावी, त्याची भाषा त्याला बोलू द्यावी, आणि कोर्टकचेरीत त्याच्या बाजूने उभे राहावयास कोणी तरी मोठे माणूस पुढे यावे. त्यासाठी वाडा किंवा गादी लागत नाही.

परक्या लेकरांच्या या बापूंना आमच्या मंडळाचे सादर वंदन.