पेल्याच्या बुडापासून पंचवीस इंची दुर्बिणीपर्यंत

ग्रहताऱ्यांचे शोध लावणाऱ्यांची नावे आपण शाळेत पाठ करतो. परंतु ज्या दुर्बिणीतून त्यांनी पाहिले, ती कोणी घडविली हे आपण क्वचितच विचारतो. पॉलिटेक्निकमध्ये शिकणाऱ्या माझ्या एका मित्राने मला तेथील कपाटातले जुने थिओडोलाइट दाखविले. त्याच्या पितळेवर 'कुक, ट्रॉटन अँड सिम्स, यॉर्क' अशी अक्षरे कोरलेली होती. हा कुक कोण, या कुतूहलापोटी वाचू लागलो आणि जोडे शिवणाऱ्या एका कारागिराच्या मुलाची विलक्षण जीवनकथा हाती आली.

थॉमस कुक यांचा जन्म ८ मार्च १८०७ रोजी इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील ॲलरथॉर्प या खेड्यात झाला. शाळा लाभली ती जेमतेम दोन वर्षे. थॉमसच्या मनाने मात्र समुद्र घेतला होता. खलाशी व्हायचे तर दिशा आणि तारे कळले पाहिजेत, म्हणून त्याने गणित व खगोलशास्त्र यांचा अभ्यास स्वतःच सुरू केला. पुढे आईने समुद्रावर जाऊ दिले नाही. जहाज हुकले, पण गणित हाती राहिले. त्याच्या बळावर तो गावातल्या मुलांना शिकवू लागला आणि १८२९ च्या सुमारास यॉर्क शहरात गणिताचा शिक्षक झाला.

शिक्षकाच्या पगारात दुर्बीण विकत घेणे शक्य नव्हते. तेव्हा कुक यांनी काचेच्या पेल्याचे जाड बूड घेतले आणि ते घासून घासून त्याचे भिंग बनविले! त्या भिंगाची दुर्बीण प्रसिद्ध भूगर्भशास्त्रज्ञ जॉन फिलिप्स यांनी विकत घेतली. मित्रांनी आग्रह धरला आणि १८३७ मध्ये पत्नीच्या काकांकडून शंभर पौंड कर्ज काढून कुक यांनी यॉर्कच्या स्टोनगेट रस्त्यावर दुकान थाटले.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला हे धाडस मोठे वाटते. त्या काळी इंग्लंडात काचेवर जबर अबकारी कर होता. तो १८४५ मध्ये रद्द झाला. तोवर भिंगांच्या धंद्यात जर्मन कारागीर पुढे निघून गेले होते. शिवाय कामही अवघड. एकाच भिंगातून पाहिले तर ताऱ्याभोवती रंगीत कडा दिसते. ती घालविण्यासाठी क्राउन आणि फ्लिंट अशा दोन जातींच्या काचांची भिंगे जोडावी लागतात. म्हणजे चार पृष्ठभाग बिनचूक घासायचे. घासताना काच तापते, तापली की फुगते. ती निवेपर्यंत थांबायचे, तपासायचे आणि पुन्हा घासायचे. येथे घाई करणाऱ्याचे दिवाळे ठरलेलेच!

कुक यांनी घाई केली नाही. त्यांचा लौकिक वाढत गेला. न्यूकॅसलकडील कारखानदार पॅटिन्सन यांच्यासाठी त्यांनी सात इंची दुर्बीण केली. तीच दुर्बीण १८५६ मध्ये खगोलशास्त्रज्ञ पियाझी स्मिथ यांनी टेनेरिफ बेटावरील डोंगरावर, दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर नेली. उंचावरच्या विरळ, स्वच्छ हवेत आकाश किती स्पष्ट दिसते हे त्यांनी सिद्ध केले. आज मोठ्या वेधशाळा डोंगरमाथ्यावर बांधतात, त्यामागे हाही अनुभव आहे.

१८५५ मध्ये कुक यांनी यॉर्कमध्येच 'बकिंगहॅम वर्क्स' हा कारखाना उभारला. तेथे दुर्बिणी, मोजणीची उपकरणे आणि मनोऱ्यावरची घड्याळे तयार होत. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनीही त्यांच्याकडून दुर्बीण करून घेतली. कुक यांनी वाफेवर चालणारी मोटारही बनविली. ती ताशी पंधरा मैल धावे. पण १८६५ च्या कायद्याने अशा गाडीपुढे लाल निशाण घेऊन माणूस चालविणे सक्तीचे केले. शेवटी तिचे इंजिन नावेत बसवावे लागले.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या कामाकडे वळू. १८६२ च्या लंडन प्रदर्शनात चान्स ब्रदर्स या कंपनीने काचेच्या दोन प्रचंड चकत्या मांडल्या होत्या. गेट्सहेडचे तारदोर-कारखानदार रॉबर्ट न्यूअल यांनी त्या घेतल्या आणि पंचवीस इंची दुर्बिणीचे काम कुक यांच्यावर सोपविले. हार्वर्ड आणि रशियातील पुल्कोवो येथील नामांकित दुर्बिणी तेव्हा पंधरा इंचांच्या होत्या. कुक यांनी हे ओझे उचलले आणि त्याखाली ते झिजत गेले. दुर्बीण पुरी होण्याआधीच, १९ ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांचे निधन झाले. अखेरचे काम त्यांच्या कारखान्याने पुरे केले. सुमारे बत्तीस फूट लांब नळीची ती दुर्बीण काही वर्षे भिंगाच्या दुर्बिणींत जगात सर्वांत मोठी होती.

पण दैवगती पाहा. कुक यांची सात इंची दुर्बीण डोंगरावर जाऊन कीर्ती मिळवून आली, आणि पंचवीस इंची दुर्बीण गेट्सहेडच्या धुरकट, ढगाळ आकाशाखाली जवळजवळ निरुपयोगी उभी राहिली. १८८९ मध्ये न्यूअल यांनी ती केंब्रिज विद्यापीठाला देऊ केली. पुढे १९५० च्या दशकात ती ग्रीसमध्ये अथेन्सजवळील पेंटेली येथे गेली.

कुक यांच्या कंपनीत १९२२ मध्ये लंडनची ट्रॉटन अँड सिम्स ही जुनी कंपनी मिळाली. थिओडोलाइटवरील तीन नावांचा उलगडा असा झाला. ताळेबंदात 'नावलौकिक' ही मालमत्ता आम्ही एका ओळीत, रुपयांत मांडतो. ती ओळ लिहिताना मला आता पेल्याचे बूड घासत बसलेला यॉर्कचा तो गरीब शिक्षक आठवतो. आपण घडविलेल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणीतून आकाश पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. पण इतरांना ते दिसावे म्हणून त्याने आयुष्य वेचले. ही रक्कम कोणत्या बाजूला लिहावी, हे मात्र अजून मला उमगलेले नाही.